थेम्सवर रात्रीची बोट: फुकटचा धक्का की पैसे मोजून खासगी काठ?

उन्हाळ्यात थेम्सवर आठवडाभर बोट भाड्याने घ्यायची ठरली की भाडं, डिझेल, गॅसच्या शेगड्या, सगळ्याची चौकशी होते. रात्री बोट बांधायची कुठे, हे मात्र संध्याकाळी सहाला आठवतं, आणि तेव्हा चांगल्या जागा गेलेल्या असतात. ब्रिटनमधल्या मराठी घरांतून अशा सहली आता बऱ्याच निघतात, म्हणून हा हिशेब आधीच मांडतो.

लेचलेडपासून लंडनमधल्या टेडिंग्टनपर्यंतचा सुमारे २०० किलोमीटरचा पट्टा सहलीच्या बोटींचा. वाटेत ४४ लॉक, म्हणजे बोट वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात नेणारे दरवाजांचे हौद. इथे पाण्यावरून जायचा हक्क सगळ्यांना आहे, पण काठ ज्याची जमीन त्याचा: कुठे शेतकरी, कुठे बंगलेवाला, कुठे नगर परिषद. फसगत होते ती थेम्स पाथमुळे. काठाने सार्वजनिक पायवाट दिसते, लोक कुत्री फिरवत असतात, तेव्हा वाटतं की जागा सरकारी असणार. पण त्या वाटेवर चालायचा हक्क मिळतो, खुंटी ठोकायचा नाही. ऑक्सफर्ड किंवा रेडिंगला कालव्यातून थेम्समध्ये उतरणाऱ्यांना हे जास्त खटकतं. कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या कालव्यांवर लायसन्स असलं की वाटेच्या बाजूला बहुतेक ठिकाणी १४ दिवसांपर्यंत फुकट थांबता येतं. थेम्सवर ती चैन नाही.

फुकटात पहिला पर्याय एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या, म्हणजे नदीचा कारभार बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मुक्कामाच्या जागांचा. बहुतेक ठिकाणी पहिले २४ तास फुकट, पुढे राहायचं तर पैसे. नियम पाटीवर लिहिलेले असतात, ते वाचून आल्याची नोंद करायची. सोय उत्तम, पण जागा मोजक्या. शनिवारी दुपारी तीननंतर पोहोचलात तर दुसऱ्या बोटीला चिकटून बांधायची तयारी ठेवा. काही लॉकच्या कडेलाही रात्रीपुरती जागा मिळते. लॉक सांभाळणाऱ्या लॉककीपरला नीट विचारलं तर तोच सांगतो कुठे लावायची. नवख्या चालकासाठी मला ही जागा सगळ्यात बरी वाटते: पक्का काठ, बांधायला लोखंडी खुंट, आणि पाणी वाढलं तर जाणता माणूस जवळ.

नदीकाठच्या पबचा धक्का ना धड फुकट, ना धड पैशांचा. रात्री तिथे जेवलात तर बोट राहू देतात. चार जणांचं पबमधलं जेवण बोट बांधायच्या कुठल्याही जागेच्या पैशांपेक्षा महाग पडतं, पण जेवायचंच असेल तर सौदा चांगला. फोन करून जागा धरायची, आणि बोटीची लांबी विचारण्याआधीच सांगून टाकायची.

आता खासगी काठ. त्यात तीन तऱ्हा आहेत आणि त्या एका मापाने मोजण्यात अर्थ नाही.

पहिली तऱ्हा शेतकऱ्याच्या कुरणाची. पाटीवर रात्रीचा दर, कधी पैसे टाकायला पेटी, कधी अंधार पडता पडता मालक स्वतःच चक्कर टाकतो. दर साधारण १० पौंडांच्या आसपास. त्यात पाणी, वीज, संडास काही नसतं. मिळते ती शांतता, पलीकडे गाई, आणि पुढची जागा शोधत वणवण न करण्याची मुभा. इथे काम तुमचंच. बोटीचं तोंड प्रवाह येतो त्या बाजूला करून काठाला लावायची, दोन खुंट्या बोटीपासून उलट्या बाजूला झुकवून घणाने ठोकायच्या, दोर थोडा सैल ठेवायचा. पाऊस पडून गेलेल्या मऊ मातीत, शेजारून जोरात गेलेल्या एका क्रूझरच्या लाटेने खुंटी उपटून येते. म्हणून दोर बांधल्यावर लगेच चहा टाकू नका. एकदोन बोटी जाऊ द्या, खुंटी हलते का ते बघा. खुंटीच्या डोक्यावर एखादी पांढरी पिशवी अडकवली तर पायवाटेवरचा माणूस दोरात अडखळत नाही.

दुसरी तऱ्हा नामांकित जागांची. क्लिव्हडनच्या जंगलाखालचा नॅशनल ट्रस्टचा काठ किंवा हेन्लीला नगर परिषदेचं मिल मेडोज. यातला पहिला मालक धर्मादाय संस्था, दुसरा सार्वजनिक, पण पैसे देणाऱ्याला फरक पडत नाही. क्लिव्हडनला गर्द झाडी आणि रात्री शांतता. हेन्लीला दुकानं, रेल्वे स्टेशन, खेळायला मैदान. आईवडील सोबत असतील तर मी हेन्लीला पैसे मोजीन: उतरायला सोपं, आणि औषधाचं दुकान चालत गाठता येतं. फक्त जुलैच्या सुरुवातीला रेगाटा, म्हणजे होड्यांच्या शर्यती, असतात, तेव्हा तिकडे फिरकू नका.

तिसरी तऱ्हा टाळायची. काठावर बारीक अक्षरांत पाटी: 'खासगी जागा, इथे बांधल्यास अमुक रक्कम देण्याचा करार समजला जाईल.' ही रक्कम शंभर पौंडांच्या घरात असू शकते. गाडीच्या पार्किंगमध्ये हाच मार्ग वापरतात, आणि २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ८५ पौंडांचा पार्किंग आकार वैध ठरवला होता. म्हणून 'अशा पाट्यांना काय विचारायचं' हा घरगुती सल्ला मनावर घेऊ नका. बोट भाड्याची असेल तर पत्र कंपनीकडे जाणार आणि कंपनी तुमच्या डिपॉझिटकडे बघणार. पाटी नसलेला काठही फुकट समजू नका. जवळच घर असेल तर दार वाजवा. इथले लोक विचारणाऱ्याला बहुधा नाही म्हणत नाहीत, न विचारणाऱ्याला मात्र पहाटे सहाला उठवतात.

निवड कशी करायची? दोघंच असाल, बोट चालवायचा हात बसला असेल, तर दुपारी दोनपर्यंत प्रवास संपवा आणि फुकटची जागा धरा. पैसे देण्याचं कारण नाही. मुलं आणि ज्येष्ठ सोबत असतील, पुढच्या दिवशी लांबचा पल्ला असेल, तर एकदोन रात्री पैसे मोजून जागा आधीच पक्की करा. आठवड्याचं भाडं हजार पौंडांच्या पुढे जात असताना रात्रीच्या १० पौंडांवरून संध्याकाळ नासवण्यात काय हशील?

पावसाळी आठवड्यात गणित उलटतं. लॉकवर पिवळ्या पाट्या दिसल्या म्हणजे प्रवाह वाढतो किंवा ओसरतो आहे, लाल दिसल्या म्हणजे ओढ जोराची, बोट हलवू नये. अशा वेळी शेताच्या काठावर अडकलात तर रोजचा आकार द्यायचा की नाही, हे मालकाला पहिल्याच रात्री विचारून ठेवा. शक्य असेल तर पिवळी पाटी दिसताच लॉकशेजारी किंवा मरीनात, म्हणजे बोटींच्या बांधीव तळावर, जा. मरीना महाग असते, पण पाणी चढत असताना मऊ मातीतल्या दोन खुंट्यांवर मी तरी विसंबणार नाही.