लातूरमधील मोटार दुरुस्तीची एक सेवा : कामाचे नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार

लातूरच्या औद्योगिक वसाहतीत सबमर्सिबल, म्हणजे बोअरमध्ये पाण्याखाली राहून पाणी उपसणाऱ्या, मोटारी दुरुस्त करून देणारी, मोजक्या कारागिरांची एक छोटी कंपनी आहे. आमच्या औसा तालुक्यातील बरेच शेतकरी मोटार जळाली की आता तिकडेच जातात. दर स्वस्त आहेत म्हणून नव्हे, ते बाजारापेक्षा थोडे चढेच आहेत; लोक जातात ते कामाच्या पद्धतीमुळे. काउंटरमागच्या भिंतीवर त्यांचे नियम साध्या मराठीत लिहिलेले आहेत : मोटार ग्राहकासमोर उघडायची, जळण्याचे कारण पावतीवर लिहायचे, खर्चाला होकार मिळाल्याशिवाय काम सुरू करायचे नाही, जुने तांबे ग्राहकाचे, आणि वेळेत होणार नाही असे काम घ्यायचे नाही.

अशा नियमांचे मोल आमच्या भागात जास्त का, हे सांगणे आवश्यक आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा असल्यामुळे पाणी खडकातील फटींत आणि सांध्यांतच सापडते, आणि त्यासाठी बोअर शेकडो फूट खोल न्यावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या परिसरात ही खोली वाढतच गेली आहे. एवढ्या खोलीवरून मोटार काढायची म्हणजे सगळे पाइप वर घ्यायचे, गाडी आणि माणसे बोलवायची आणि दुरुस्तीनंतर तोच खर्च सोडतानाही करायचा. वायंडिंग, म्हणजे मोटारीतील तांब्याच्या तारेची गुंडाळी, कच्चे निघाले तर दुरुस्तीच्या पैशांबरोबर हा सगळा खर्चही पुन्हा अंगावर येतो, आणि तोवर उभे पीक वाळते ते वेगळेच.

म्हणूनच मोटार समोर उघडण्याच्या नियमाला मी सर्वांत जास्त गुण देईन. माझी मोटार उघडल्यावर तिथल्या तरुण कारागिराने स्टेटर, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या बसवलेला मोटारीचा स्थिर भाग, माझ्याकडे वळवला आणि काही गुंडाळ्या कोळशासारख्या काळ्या पडलेल्या, तर शेजारच्या जवळजवळ शाबूत असलेल्या दाखवल्या. “काका, लोड जास्त झाला असता तर सगळ्या सारख्याच जळाल्या असत्या. ही तीनपैकी एक फेज, म्हणजे विजेची एक तार, गेल्यामुळे जळाली आहे. मी नवी तार भरून देतो, पण स्टार्टरमध्ये फेज गेल्यावर बंद करणारे उपकरण बसवले नाही तर पुन्हा हेच होईल,” असे त्याने सांगितले आणि पावतीवरही तसेच लिहिले. शेतीची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते, ऑटोवर, म्हणजे वीज आली की आपोआप सुरू होईल अशी, सोडलेल्या मोटारीची एखादी फेज कधी गेली हे कोणाला कळत नाही, आणि दोनच फेज असताना तिसरीची उणीव भागवायला कंडेन्सर लावून मोटार चालवण्याची सवय गावोगाव आहे. हे कारण ग्राहकाला न सांगता मोटार पुन्हा पुन्हा भरून देणे दुकानदाराच्या फायद्याचेच असते. या कंपनीने तो फायदा सोडला आहे, आणि मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

तांब्याच्या बाबतीतही व्यवहार असाच स्वच्छ आहे. जुनी तार ग्राहकासमोर वजन करून परत देतात, किंवा त्या दिवसाच्या भंगारभावाने तिची किंमत बिलातून वजा करतात. नव्या तारेचे गेज (जाडी) आणि आट्यांची (वेढ्यांची) संख्या पावतीवर असते. बारीक गेजची किंवा तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरून पैसे वाचवण्याचे प्रकार या धंद्यात होतात आणि मोटार पुन्हा जोडून बंद केल्यावर बाहेरून ते ओळखता येत नाहीत, म्हणून या दोन आकड्यांना महत्त्व आहे. मोटार ताब्यात देताना मेगर हे मोजयंत्र लावून इन्सुलेशन, म्हणजे तारेवरचे विद्युतरोधक आवरण, ठीक असल्याचे दाखवतात. बिल न मागता मिळते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, तरीही आमच्याकडे कोऱ्या कागदावरच्या आकड्यावर भागवण्याची रीत अजून मोडलेली नाही.

माझी तक्रार शेवटच्या नियमाबद्दल आहे. एप्रिल-मे महिन्यांत मोटारी जळण्याचे प्रमाण वाढते आणि हातातील कामे पूर्ण होईपर्यंत कंपनी नवी मोटार घेत नाही. खोटी तारीख देऊन हेलपाटे मारायला लावण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे, हे मान्य. पण ज्याचा ऊस उभा आहे त्याला नुसता नकार पुरत नाही. तात्पुरती भाड्याने देण्यासाठी पाच आणि साडेसात अश्वशक्तीच्या काही मोटारी ठेवणे, किंवा निदान भरवशाच्या दुसऱ्या कारागिराचा पत्ता देणे त्यांना शक्य आहे. मी हे मालकांना समक्ष सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, मात्र भाड्याच्या मोटारींची जबाबदारी पेलणार नाही असे स्पष्ट सांगितले. दुसऱ्या सूचनेला त्यांनी होकार दिला आहे.

जाणाऱ्यांनी मोटारीसोबत स्टार्टरही न्यावा, कारण त्याची तपासणी ते त्याच वेळी करतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. उन्हाळ्यात मात्र मोटार गाडीत घालण्यापूर्वी फोन करून जागा आहे का ते विचारावे.