जुनी गाडी घेताना टॅक्स: कॅलिफोर्निया की टेक्सास?

अमेरिकेत जुनी गाडी घेताना आपली लोकं किंमत बघतात, मायलेज बघतात, आणि टॅक्स पार विसरून जातात, जो राज्याराज्यात वेगळा असतो.

टेक्सासमध्ये सरळ ६.२५ टक्के, कुठल्याही गावात राहा. कॅलिफोर्नियात सुरुवातच ७.२५ पासून, वर लोकल टॅक्स, ओकलंडला तर १० च्या वर जातो, आणि रेट ठरतो तुम्ही गाडी रजिस्टर कुठे करता त्यावर, त्यामुळे डीलर लांबच्या गावचा शोधून काही फायदा नाही.

पण खरा फरक आहे ट्रेड-इनमध्ये, म्हणजे आपली आधीची गाडी डीलरला देऊन तिची किंमत वळती करून घेण्यात, आणि हे नीट समजून घ्याच. समजा २०,००० डॉलरची गाडी घेतली आणि जुनी ८,००० ला डीलरला दिली. टेक्सासात टॅक्स उरलेल्या १२,००० वरच, म्हणजे ७५० डॉलर. कॅलिफोर्नियात पूर्ण २०,००० वर, म्हणजे कमीत कमी १,४५०! म्हणून तिकडे जुनी गाडी स्वतःच बाहेर विकलेली बरी असं माझं स्पष्ट मत.

डीलर सोडून थेट मालकाकडून घेतली तरी टॅक्स सुटत नाही, दोन्हीकडे रजिस्ट्रेशनच्या वेळी भरावाच लागतो. इथे मात्र टेक्सास कडक आहे, गाडी स्वस्तात मिळाली तरी त्यांच्या ठरलेल्या बाजारभावाच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी रकमेवर टॅक्स घेत नाहीत, कमी हवा असेल तर अप्रेझल, म्हणजे गाडीच्या किमतीचं अधिकृत मूल्यांकन, करून आणा. कॅलिफोर्नियात जी खरी किंमत दिली तीच धरतात.

आईवडिलांनी मुलाला गाडी गिफ्ट दिली तर टेक्सासात फक्त १० डॉलर.