आर्च लिनक्स: जुन्या लॅपटॉपवर हाताने बसवलं, माझं मत

ज्याला कॉम्प्युटर आतून समजून घ्यायचाय त्याने आर्च (विंडोजच्या जागी बसणारी, लिनक्सवर चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम) एकदा तरी हाताने इन्स्टॉल करावंच. ज्याला फक्त काम सुरू करायचंय त्याने सरळ मिंट (लिनक्सचाच सोपा प्रकार) घ्यावं, त्यात काहीच कमीपणा नाही.

आमच्या रामबागेतल्या घरी विंडोज १० वाला लॅपटॉप होता, मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद केला आणि ११ त्या मशीनवर चढेना, म्हणून जेल रोडवरून पेन ड्राइव्ह आणला आणि त्यावर आर्चचं आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) टाकलं. आधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टम सुरू होऊ न देणारं कुलूप) बंद करावं लागतं, नाहीतर पेन ड्राइव्ह बूटच होत नाही.

बूट झालं की समोर काळी स्क्रीन आणि ब्लिंक होणारा कर्सर, बस. ना माउस ना नेक्स्ट-नेक्स्टची बटणं. वायफाय आयडब्ल्यूसीटीएल (iwctl) या कमांडने जोडायचं (जमत नसेल तर फोनची केबल लावून यूएसबी टेदरिंग, चालून जातं), मग डिस्कचे भाग पाडायचे, फॉरमॅट करून माउंट करायचे (म्हणजे वापरायला जोडायचे), पॅकस्ट्रॅप कमांडने बेस (मूळ पॅकेजेस), कर्नल (सिस्टमचा गाभा) आणि फर्मवेअर (हार्डवेअरला लागणाऱ्या फाइली) उतरवायचं, जेनएफस्टॅबने डिस्कच्या भागांची यादी लिहायची, मग आर्च-क्रूट करून नव्या सिस्टमच्या आत शिरायचं आणि टाइमझोन, पासवर्ड, बूटलोडर (सिस्टम सुरू करून देणारा प्रोग्राम) सगळं स्वतः लावायचं. क्रूटमध्ये असतानाच नेटवर्क मॅनेजर टाकून इनेबल करून घ्या, कारण पेन ड्राइव्हवर चाललेलं वायफाय नव्या सिस्टममध्ये आपोआप येत नाही आणि रीस्टार्टनंतर नेटच नसेल तर पॅकेज आणणार कुठून?

२०२१ पासून आयएसओमध्येच आर्चइन्स्टॉल नावाची स्क्रिप्ट येते, प्रश्न विचारते आणि सगळं बसवून देते. चांगली आहे, पण पहिल्यांदा तरी नका वापरू. हाताने केलं की कुठली गोष्ट कुठे बसलीय हे डोक्यात राहतं, पुढे काही बिघडलं तर तोच पेन ड्राइव्ह लावून माउंट करायचं, क्रूट करायचं, दुरुस्त करायचं. हे मला कुठल्याच दुसऱ्या सिस्टमने शिकवलं नाही.

आर्च विकीला तर पैकीच्या पैकी. इतकं नीट लिहिलेलं डॉक्युमेंटेशन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही, उबुंटूवाले (दुसरं लिनक्स वापरणारे) पण तेच वाचतात. इंग्रजी वाचायची तयारी मात्र हवी. मराठीत काही उघडलं आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर नोटो फॉन्ट्सचं पॅकेज टाका, टाइप करायला आयबस आणि एम१७एन ही पॅकेजेस, इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा कीबोर्ड) मस्त चालतं.

हे रोलिंग रिलीज आहे, म्हणजे नवीन व्हर्जनची वाट बघायची नाही, अपडेट येतच राहतात. पण अपडेट करायचं तर पूर्ण सिस्टमचं, अर्धवट नाही, आणि त्याआधी आर्चच्या साइटवरच्या बातम्या वाचून घ्यायच्या. एयूआर (वापरणाऱ्यांनी चालवलेला पॅकेजेसचा साठा) यातली पॅकेजेस लोकांनी बनवलेली असतात, पॅकेजबिल्ड (पॅकेज कसं बनतं ते लिहिलेली फाइल) उघडून बघितल्याशिवाय टाकू नका.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार कापला कारण कॉलेजच्या सबमिशनच्या आठवड्यात, एकुलत्या एक लॅपटॉपवर, बॅकअप न घेता हे करा असं मी कुणालाच सांगणार नाही.