स्वतःची गाडी, स्वतःच ड्रायव्हर: इंदूर–भिवंडी लाइनवर दीड वर्षानंतर

आधी गाडी. सहा टायरी, साडेअठरा टन जीव्हीडब्ल्यू (मालासकट गाडीचं एकूण वजन), बीएस-सिक्स म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली, उघडी बॉडी. कंपनीचं नाव लिहीत नाही. पगारी ड्रायव्हरच्या नोकरीत या वर्गातल्या बहुतेक कंपन्यांच्या गाड्या चालवून झाल्यात आणि फरक उन्नीस-बीसचाच आहे, नावावरून भांडणारे काहीही म्हणोत. माझी लाइन इंदूर–भिवंडी, कधी चाकण. जाताना बहुधा इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यांचा माल, येताना जे मिळेल ते.

गाडी घ्यायच्या पैशांचं सांगतो, कारण तेच सगळे विचारतात. बाबा इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागून पैसे सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. बाबांच्या खात्यात जे आले त्यातले बरेचसे त्यांनी मार्जिन मनीला, म्हणजे डाउन पेमेंटला दिले, थोडे माझे होते, बाकी फायनान्स. परदेशीपुऱ्यात आमच्या गल्लीत कुणी त्या पैशांतून खोली बांधली, कुणी मुलीचं लग्न केलं. आम्ही ट्रक घेतला. आईला हे अजून पटलेलं नाही.

चालवायला गाडी चांगली आहे. बारा टनांच्या आत माल असेल तर सव्वापाच ते सहाचा ॲव्हरेज देते. घाटात आणि पावसाळ्यात कमी. भिवंडीपर्यंतच्या साधारण साडेपाचशे किलोमीटरला शंभर लिटर धरून चालायचं. डिझेल शक्यतो आमच्याकडे मध्यप्रदेशात भरत नाही, लिटरमागे रुपया-दीड रुपया जास्त पडतो. पळासनेर ओलांडलं की महाराष्ट्रात टाकी भरायची. पगारी ड्रायव्हर असताना मालकाने ठरवलेल्या पंपावर भरायचो आणि भाव बघायचोही नाही.

यूरियाचं लोक उगाच रडगाणं गातात. बीएस-सिक्स गाडीत धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत जे डीईएफ घालतात त्यालाच आम्ही यूरिया म्हणतो. त्यात साडेबत्तीस टक्के यूरिया आणि बाकी शुद्ध पाणी, डिझेलच्या चार-पाच टक्के लागतं. अडचण खपाची नाही, बनावटीची आहे. ढाब्यावर सुटं मिळणारं स्वस्त यूरिया टाकलं की सेन्सर बोंबलतो, इंजिनची ताकद कापली जाते आणि भरली गाडी चढावर रांगायला लागते. सीलबंद बादलीच घ्यायची. डीपीएफचंही, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचंही तसंच. हायवेला लोडमध्ये चाललेल्या गाडीची जाळी आपोआप साफ होते. चार दिवस गोदामांच्या रांगेत इंच-इंच सरकत काढले की दिवा लागतो, मग कडेला लावून अर्धा तास रिजनरेशन, म्हणजे जाळीतली काजळी जाळून टाकणं. ते चालू असताना इंजिन बंद करू नये, आणि सुक्या गवतावर गाडी उभी करू नये.

केबिन हा खरा कमकुवत भाग. माझ्या गाडीत नुसता ब्लोअर आहे. मे महिन्यात मानपूर सोडून निमाडात उतरलं की धामनोद ते सेंधवा तो गरम वाराच तोंडावर मारतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, म्हणजे आता नवी गाडी घेणाऱ्याला हा परिच्छेद वाचायची गरज नाही. डिझेल खाईल म्हणून कुरकुरणारे मालक मला भेटतात. ते स्वतः चालवत नाहीत.

ब्रेक. इंदूरहून निघालेली भरली गाडी दोनदा खाली उतरते, माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात आणि मग बिजासन घाटात सातपुड्यावरून. पहिल्या उतारावरचा गणपती घाट ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. ब्रेक गेलेल्या ट्रकांनी तिथे किती माणसं मारली. २०२४च्या अखेरीस तिथे उतार कमी करणारा नवा रस्ता सुरू झाला, फरक जाणवतो. तरी ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं आणि एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धूर अडवून इंजिननेच गाडी रोखणारा ब्रेक, लावून ठेवायचा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे अजूनही दिसतात. वाचून वाचून पाव लिटर वाचत असेल.

मालक झाल्यावर रस्ता निवडायची पद्धत बदलते, हे मला अपेक्षित नव्हतं. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला आणि आमणे म्हणजे भिवंडीच्या दारातच. कसारा घाट टळतो, जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी एका गिअरमध्ये निघते. सहा टायरीला टोल पाचशेच्या आसपास. पगारी होतो तेव्हा टोलचे पैसे माझे नव्हते आणि वेळही माझा नव्हता, मालक सांगेल तो रस्ता. आता जुन्या रस्त्यावर पडघ्याकडे जाम लागला असेल तर मी समृद्धी घेतो, रात्री दोनला मोकळा असेल तर जुन्या रस्त्याने जातो. क्लच-ब्रेक कमी झिजतो ते वेगळंच, त्याचा हिशेब मला अजून नीट मांडता आलेला नाही.

इथवर वाचून वाटेल की धंदा डिझेल आणि टोलवर ठरतो. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं, कारण ड्रायव्हरला तेवढंच दिसतं. हप्ता, विमा, नॅशनल परमिटचे वर्षाचे साडेसोळा हजार, टायरची झीज सोडून बाकीची बांधलेली देणी, हे सगळं महिन्याच्या दिवसांवर पसरलं तर माझी गाडी उभ्या जागी रोज अठराशे-दोन हजार खाते. डिझेलचा थेंब न जाळता. म्हणजे भाडं किती मिळालं याच्या बरोबरीने ते किती दिवसांत मिळालं हे महत्त्वाचं, आणि दिवस आपल्या हातात नसतात.

भिवंडीकडच्या एका गोदामाचा अनुभव सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलो, गेटवर नोंद झाली. शनिवारी सकाळी कळलं की आमच्या मालाची ऑर्डर त्यांच्या सिस्टिममध्ये चढलेलीच नाही. रविवारी बंद. सोमवारी रांगेत पुढे अकरा गाड्या, आणि दुपारी हमालांनी वाराईचे, म्हणजे माल उतरवायच्या मजुरीचे पैसे मागितले तेव्हा गोदामवाला म्हणाला ड्रायव्हर देईल, इंदूरचा दलाल म्हणाला पार्टी, म्हणजे माल पाठवणारा देईल, पार्टीचा फोन लागेना. ट्रकवाल्यांची जुनी घोषणा आहे, ‘जिसका माल उसका हमाल’. घोषणा ठीक आहे, पण माल गाडीत असतो आणि गाडी आपली असते, त्यामुळे शेवटी खिसाही आपलाच. दिले. माल मिळाल्याची पोच घेतली. सोमवारी रात्री रिकामा झालो तेव्हा दलालाने परतीसाठी ठरवलेला माल दुसऱ्या गाडीत भरून गेला होता. मग आणखी एक रात्र पार्किंगमध्ये.

भाड्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं की अमुक तासांनंतर हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकवल्याचे पैसे लागू. ते मिळतं का? बॅलन्सच्या, म्हणजे उरलेलं भाडं द्यायच्या वेळी त्यावर घासाघीस होऊन निम्म्यावर तुटतं, आणि निम्मं मिळालं तरी आपण हात जोडतो. ॲडव्हान्स बहुतेक वेळा सत्तर-ऐंशी टक्के हातात पडतो. उरलेले पैसे पोच इंदूरला पोहोचल्यावर, आणि त्या ‘वर’चा अर्थ दोन दिवस ते दोन महिने. इंदूरच्या लोहामंडीतले ज्यांच्याशी जमलं ते दलाल भले लोक आहेत, फोन उचलतात. ‘भिया, गाडी शाम तक खाली हो जाएगी’ हे वाक्य मात्र कुणाच्याही तोंडून ऐकलं तरी मी आता माझ्या हिशेबात एक दिवस वाढवतो.

ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची गोष्ट याच्याशीच जोडलेली. दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने भिवंडीला तीन दिवस मिळतात. ऐकायला भरपूर. पण घाटात कुणाची गाडी उलटून रस्ता अडला किंवा आपल्या गाडीचा पाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी तुटून सेंधव्याला मिस्त्रीच्या दारात दिवस गेला की मुदत जवळ येते. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते आणि ती वाढवणारा ट्रान्सपोर्टवाला त्या वेळी जागा असावा लागतो. हे सांभाळते माझी बायको. ई-वे बिल, फास्टॅगचा बॅलन्स, विम्याच्या तारखा, कुणाकडे किती अडकलंय, सगळं तिच्या वहीत. बॅलन्स मागायचे फोनही तीच करते. मी मागितला तर ‘दे देंगे भिया’, तिने मागितला तर तारीख मिळते. या धंद्यात घरी असा माणूस नसेल तर ट्रक घेऊ नका, हे मी डाउन पेमेंटच्याही आधी सांगेन.

एक गोष्ट नशिबाने साधली. १ जुलै २०२४ पासून मध्यप्रदेशाने सीमेवरचे आरटीओ चेकपोस्ट बंद केले, म्हणजे माझी गाडी लाइनला लागली आणि सेंधव्याचा बॅरिअर उठला. पगारी असताना त्या रांगेत काढलेल्या रात्री आठवतात. आता बिजासन देवीला गाडीतूनच हात जोडून थेट उतरतो. फिरती पथकं असतात, कागद पुरे असले की वेळ जात नाही.

आयकराचं लहान मालकांना बरेचदा माहीत नसतं. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला अंदाजित उत्पन्नाची सोय आहे; बारा टनांवरच्या गाडीला दर टनाला महिन्याला हजार रुपये धरतात. साडेअठरा टनाला वर्षाचे २,२२,०००. हिशेबाच्या वह्या ठेवायची सक्ती राहत नाही, पण हप्त्याच्या व्याजाची किंवा डिझेलची वेगळी वजावटही नाही. गाड्या दहाच्या आत आहेत असं पॅन नंबरासकट लिहून दिलं की भाड्यातून टीडीएस कापला जात नाही. ते लिहून न देता कापलेला टीडीएस शोधत फिरणारे कितीतरी आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये इंदूरच्या एअरपोर्ट रोडला नो-एंट्रीत शिरलेल्या ट्रकने लोकांना चिरडलं. त्यानंतर शहरात कडकपणा वाढला आणि वाढायलाच हवा होता. गाडी बायपासला लावून रिक्षाने घरी येतो. गल्लीत काही दिवस लोक माझ्याकडे जरा वेगळं बघत होते, त्यावर काय बोलणार.

सोळा वर्षं पगारावर काढल्यावर आता सुख कसलं, तर लोड नाकारता येतो. डोळे जड झाले की गाडी कडेला लावून झोपता येतं, ‘कहाँ पहुँचा’ विचारणारा फोन येत नाही. दिवाळीला चार दिवस घरी होतो, त्या चार दिवसांचे सात-आठ हजार गेले हे माहीत असूनही. महिन्याकाठी हातात उरतात ते पगारापेक्षा जास्त आहेत, पण ज्या महिन्यात दोनदा भिवंडीसारखं अडकलो त्यात पगार बरा होता असं वाटलं. पाठदुखी तेवढीच आहे.

आता घेणार असाल तर वेळ माझ्यापेक्षा बरी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा आणि टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. जीएसटी नंबर नसलेल्या माझ्यासारख्याला तो कर कुठून परत मिळत नाही, म्हणून हा फरक थेट खिशातला.

फायनान्सवाल्यांचे फोन सुरू झालेत, ‘आपका ट्रॅक अच्छा है, दूसरी गाडी ले लो’. दुसरी गाडी म्हणजे पगारी ड्रायव्हर, आणि पगारी ड्रायव्हर रस्त्यात काय काय करतो ते मला पक्कं ठाऊक आहे. तूर्त मागचे चार टायर उतरलेत. नवे घालायचे की रबर चढवून आणखी सहा महिने काढायचे, यावर घरात दोन मतं आहेत आणि वही तिच्याकडे आहे.