पहिला बॅरल घोडा: मुरलेली घोडी की कोवळा घोडा?

टेक्सासातल्या माझ्या भाचीला बॅरल रेसिंगसाठी, म्हणजे तीन पिंपांना वळसे घालत घोडा पळवायच्या शर्यतीसाठी, पहिला घोडा घ्यायचाय आणि ती पेचात पडलीय: १४ वर्षांची मुरलेली घोडी घेऊ की ४ वर्षांचा होतकरू घोडा? दोन्ही क्वार्टर हॉर्स, म्हणजे छोट्या अंतरात वेगाने पळणाऱ्या अमेरिकन जातीचे. तिला माझं सांगणं असं:

किंमत: घोडा स्वस्त. पण ट्रेनरची महिन्याची फी धरली की तो फरक फार टिकत नाही.

तब्येत: इथे घोडीचीच काळजी. वळणांनी मागच्या पायांचे सांधे झिजतात. एक्स-रे काढ, पाय मिनिटभर दुमडून धरून लगेच दुडक्या चालीने पळवून, लंगडते का ते बघायला डॉक्टरला सांग. हा घोड्यांचा डॉक्टर मात्र तुझा हवा, विकणाऱ्याचा नको.

मेहनत: खरी गोम इथे आहे. पिंप पडलं की ५ सेकंदांचा दंड, आणि निकाल लागतात सेकंदाच्या शतांशांवर. तू लगाम घाईने ओढलास, तर घोडी सावरून घेते. तिला वळण पाठ आहे. कोवळा घोडा तीच चूक शिकतो, आणि पुढच्या वेळी आपणहून पिंपावर कलतो. ही खोड मोडायला महिने जातात, पोरी.

पहिल्याच हंगामात धावायचं असेल तर घोडीच घे. दोनेक वर्षं थांबायची तयारी आणि जवळ जाणता ट्रेनर असेल, तरच घोडा.