५० पैशांचं पोस्टकार्ड: मेल आर्टसाठी कितपत चालतं?

टपाल खात्याचं साधं पोस्टकार्ड ५० पैशांना मिळतं. आठ आण्यांचं नाणं हल्ली व्यवहारात दिसत नाही, म्हणून कार्डं सम संख्येत मागावीत. दहा घेतली की पाच रुपये, सुट्ट्यांचा वाद नाही. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून मेल आर्ट, म्हणजे टपालाने एकमेकांना पाठवायची कला, सुरू करायचं तर याहून स्वस्त साहित्य नाही. मात्र आर्ट मटेरियलच्या दुकानातल्या कागदाची अपेक्षा ठेवून हे कार्ड हातात घेतलंत तर पहिल्याच रंगाला हिरमोड होईल.

हे परीक्षण फक्त मेल आर्टपुरतं आहे. न्यूयॉर्कचा कलाकार रे जॉन्सन १९५० च्या दशकापासून ओळखीच्यांना आणि अनोळखी लोकांनाही चित्रं, कात्रणं पोस्टाने पाठवायचा. त्यावर सूचना असायची, की यात भर घाला आणि परत पाठवा. १९६२ मध्ये या पत्रव्यवहाराला ‘न्यूयॉर्क करस्पॉन्डन्स स्कूल’ असं नाव पडलं. त्याच वर्षी जर्मनीतल्या वीसबाडेनला फ्लक्सस या कलाचळवळीचा पहिला महोत्सव झाला आणि त्या मंडळींनीही टपालपेटीला जवळ केलं. पुढे मेल आर्टच्या प्रदर्शनांचे नियम रूढ झाले: परीक्षक नाही, शुल्क नाही, आलेलं सगळं मांडायचं, परत काही द्यायचं नाही, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला नोंद पाठवायची. ‘कोणीही पाठवा’ अशी खुली आवाहनं आजही निघतात ती याच नियमांवर. संग्रहालयांनी हे सगळं जपलंच. फ्लक्ससचा सिल्व्हरमन संग्रह २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाकडे गेला. पण काचेआडचं कार्ड उत्तर देत नाही. ही चळवळ टिकली ती उलट टपालावर, आणि आमच्या मते कार्डाची परीक्षाही त्यावरच व्हायला हवी.

आधी कागद. कार्ड १४ × ९ सेंमीचं, पातळ, चकाकी नसलेलं आणि शोषणारं. जलरंगाचा ओला हात फिरवला की ते द्रोणासारखं वळतं. शाईचं पेन पसरतं. बॉलपेन आणि रंगीत पेन्सिल उत्तम. स्टॅम्पपॅडची शाई मात्र यावर झकास बसते, कारण कागद ती पिऊन टाकतो. गुळगुळीत फोटोकार्डावर तीच शाई तासाभरानेही बोटाला लागते, आणि पोस्टाचा शिक्काही तसाच फासला जातो. लिनोची (कोरलेल्या लिनोलियमवरून ठसे काढायची) तेलयुक्त शाई वापरलीत तर कार्डं किमान दोन दिवस दोरीवर वाळवा. पावसाळ्यात त्याहून जास्त.

ठसा खोडरबरचा करावा. पांढरा, मऊ, मोठा खोडरबर घ्या. बटर पेपरवर ६बी पेन्सिलीने सुलट लिहा, कागद उपडा करून रबरावर दाबा आणि मागून नखाने घासा. अक्षरं आपोआप उलटी उतरतात. कोरताना पातं अक्षरापासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरायचं, म्हणजे अक्षराचा पाया रुंद राहतो. उभं किंवा आत कललेलं पातं पाया पोखरतं आणि आठ-दहा ठशांत वेलांटी तुटून येते. देवनागरीत पहिला बळी अनुस्वाराचा जातो. तो टिंब सुटा असल्यामुळे कोरतानाच उडतो. उपाय सोपा आहे: टिंब शिरोरेषेला किंचित चिकटलेला ठेवायचा आणि शिरोरेषा एक मिलिमीटरहून बारीक करायची नाही. शिक्के करणाऱ्याकडून पॉलिमरचा शिक्का करून घेता येतो, पण त्याची सफाई कचेरीतल्या शिक्क्यासारखी दिसते. ते मुद्दाम हवं असेल तर गोष्ट वेगळी.

आता दराचा सापळा. ५० पैसे हा हाताने लिहिलेल्या मजकुराचा दर. छापील पोस्टकार्डाला ६ रुपये लागतात. कार्डाची एक बाजू लिनोच्या ठशाने भरलेली असेल तर ते छापील धरलं जाऊ शकतं, तेव्हा वर साडेपाच रुपयांची तिकिटं चिकटवून मोकळं व्हावं. टपालखर्च कमी पडला तर तुटीच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्याकडून वसूल होते, आणि नॉटपेड आलेल्या कलाकृतीला कोणी प्रेमाने उत्तर देत नाही.

कार्डाचा मोठा दोष पुढे आहे. त्यावरचं छापील तिकीट एकदा रद्द झालं की संपलं. म्हणजे जॉन्सनच्या पद्धतीने एकच कार्ड पाच जणांत फिरवायचं तर उघड्या कार्डावर ते जमत नाही. त्यासाठी लिफाफाच हवा: २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-४ कागद ५ ग्रॅमचा असतो, त्यामुळे कार्ड आणि दोन कागद टाकून थांबावं. बटण, दोरा, वाळलेलं पान असं काहीही लिफाफ्यातच जावं. उघड्या कार्डावर ते शिक्क्याच्या घावाखाली चुरतं.

हा टपाली शिक्का मात्र कार्डाची सगळ्यात मोठी जमेची बाजू. ठिकाण आणि तारीख यांची नोंद तो फुकटात करतो, कलाकाराला वेगळा दाखला लागत नाही. म्हणून पत्त्याच्या बाजूला उजवीकडे वर हात आवरता घ्या. तिथे गडद रंग आला तर शिक्का वाचता येत नाही. लाल पेटीत टाकण्यापेक्षा काउंटरवर देऊन शिक्का ठळक मारायची विनंती करावी. फ्रान्सचा कलाकार बेन व्होतिए याने १९६५ मध्ये कार्डाच्या दोन्ही बाजूंना तिकीट लावून दोन वेगळे पत्ते लिहिले आणि निवड पोस्टमनवर सोडली. एका बाजूला कळवा ४००६०५, दुसऱ्या बाजूला नेरूळ ४००७०६ लिहून हा खेळ इथेही करता येईल. मागच्या बाजूला तिकीट नसतं, ते स्वतः लावावं लागेल एवढंच.

कलाकार-तिकिटं, म्हणजे टपाल तिकिटासारखी स्वतः केलेली चित्रं, हौसेने करा, पण खऱ्या तिकिटाच्या जागी लावू नका आणि चलनी तिकिटाची नक्कलही नको. कडेची भोकं पाडायला शिवणयंत्र पुरतं: दोरा काढून १६ नंबरची सुई आणि दोन मिलिमीटरचा टाका. टाका याहून लहान ठेवला तर कागद तिथेच फाटतो. मागे डिंकाचा पातळ हात द्या. जाड थराने तिकिटाची सुरळी होते. खात्याची ‘माय स्टॅम्प’ सेवा ३०० रुपयांत आपलं चित्र असलेली ५ रुपयांची १२ तिकिटं देते. म्हणजे ६० रुपयांच्या टपालाला ३०० रुपये. एखाद्या प्रदर्शनापुरतं ठीक, रोजच्या देवाणघेवाणीला नाही.

पत्ता लिहिताना नवी मुंबईत सेक्टरच्या आधी वाशी, नेरूळ, ऐरोली असं नाव आणि पिन हवाच. सेक्टर १० प्रत्येक ठिकाणी आहे. ठाण्यात पूर्व की पश्चिम ते लिहा. पावसात पत्त्यावर मेणबत्ती हलकेच घासली तर अक्षरं वाचतात. मेण तिकिटापर्यंत नेऊ नका, शिक्का धरत नाही. आणि स्वतःचा पत्ता डाव्या अर्ध्या भागात लिहिलाच पाहिजे. सुंदर कार्ड येतं, पाठवणारा कोण ते कळत नाही आणि साखळी तिथेच तुटते. नवख्यांची ही सर्वांत सामान्य चूक.

आलेल्या कार्डाच्या दोन्ही बाजू ३०० डीपीआयवर स्कॅन करून तारीख, नाव आणि गाव नोंदवून ठेवा. उरुग्वेचा मेल आर्ट कलाकार क्लेमेंते पादीन याला १९७७ मध्ये लष्करी राजवटीने तुरुंगात टाकलं, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी जगभरच्या मेल आर्टवाल्यांनी पत्रमोहीम चालवली. अशा वेळी पत्त्यांची वही कामी येते. साठवायला पीव्हीसीचे अल्बम टाळा, शाई प्लॅस्टिकला चिकटते. साध्या कागदी पाकिटात कार्डं चांगली राहतात.

देशांतर्गत एका फेरीसाठी हे कार्ड बिनधास्त घ्या. परदेशी आवाहनांसाठी नको. त्याला जास्तीचा टपालखर्च लागतोच, मग ३०० जीएसएमचं ए-६ कार्ड कापून त्यावर काउंटरवर विचारून तिकिटं लावलेली बरी. देशात पोच हवी असेल तर १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टचा खर्च धरूनच चाला.