डेस्कटॉपला वायफाय सापडेना: यूएसबी अडॅप्टरचा आठ महिन्यांचा अनुभव

मदरबोर्डवर वायफाय नसलेल्या डेस्कटॉपला नखाएवढा यूएसबी अडॅप्टर लावायचा, हा आता घरोघरी चालणारा उपाय. हा अनुभव एसी६०० वर्गातल्या, रियलटेक ८८११सीयू चिपच्या, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडच्या (लहरींच्या पट्ट्यांच्या) अडॅप्टरचा आहे. १०० एमबीपीएसच्या फायबरवर ५ गिगाहर्ट्झला ९० च्या पुढे वेग टिकून राहतो. खोक्यावरचे ६०० म्हणजे २.४ च्या १५० आणि ५ च्या ४३३ ची बेरीज, ५८३, वर ओढून केलेला आकडा. दोन्ही एकदम मिळत नाहीत. वेगाची तक्रार नाही. खरा त्रास होतो तो ‘कॉम्प्युटरला वायफाय दिसतच नाही’ याचा, आणि त्यापायी धडधाकट अडॅप्टर परत पाठवले जातात.

आधी हे ठरवा की नक्की काय दिसत नाहीये. सेटिंग्जमध्ये वायफायचं बटणच नसेल, तर विंडोजला अडॅप्टर सापडलेला नाही. बटण आहे, शेजाऱ्यांची नावंही दिसतात, फक्त आपलं नाव नाही, तर अडॅप्टर ठीक आहे आणि शोध राउटरमध्ये घ्यायचा. या दोन गोष्टींची गल्लत झाली की ड्रायव्हर (अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर) दहा वेळा टाकूनही हाती काही लागत नाही.

अडॅप्टरच सापडत नसेल तर ‘धिस पीसी’ उघडून बघा. तिथे एखादा नवा सीडी ड्राइव्ह आलेला असतो. या चिपचे बरेच अडॅप्टर ड्रायव्हर पोटात घेऊन येतात आणि पहिल्यांदा स्वतःला सीडी म्हणूनच सादर करतात. त्यातला सेटअप चालवला की ड्रायव्हर बसतो आणि अडॅप्टर वायफायच्या अवस्थेत जातो. तरीही तो सीडीच राहिला, तर त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘इजेक्ट’ करा. डिव्हाइस मॅनेजरमधल्या हार्डवेअर आयडीत पीआयडी (उपकरणाचा ओळख क्रमांक) १ए२बी असेल तर तो अजून सीडीच आहे. सी८११ दिसला की वायफाय जागं झालं. पिवळ्या त्रिकोणासोबत कोड २८ असेल तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड १० किंवा ४३ असेल तर आधी पोर्ट बदला. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची आतली वायर बरेचदा सैल असते, म्हणून मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट घ्या.

काल चालत होता, आज गायब, हा प्रकार सर्वांत चकवणारा. पीसी बंद केल्यावरही पुष्कळ मदरबोर्ड यूएसबीला ५ व्होल्ट देत राहतात. त्यामुळे अडकलेली चिप शट डाउन करूनही अडकलेलीच राहते. बंद पीसीवर अडॅप्टरचा दिवा लुकलुकताना दिसला की समजायचं. भिंतीवरचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबा किंवा अडॅप्टर उपसून परत लावा. कायमचा बंदोबस्त म्हणून पॉवर ऑप्शन्समधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची जी परवानगी असते, तिची खूण काढा. हे दोन बदल केल्यावर स्लीपनंतर गायब होणं जवळजवळ थांबलं.

आता राउटरकडे. २.४ गिगाहर्ट्झचं चॅनेल ‘ऑटो’वर असेल तर राउटर कधी १२ किंवा १३ वर जातो, आणि अमेरिकी नियमांवर बेतलेले अडॅप्टर ते चॅनेल ऐकतच नाहीत. १, ६ किंवा ११ पक्कं करा. ५ गिगाहर्ट्झला ३६ ते ४८ मधलं चॅनेल ठेवा. ५२ ते १४४ ही रडारसोबत वाटून घेतलेली चॅनेल आहेत, रडारची चाहूल लागली की राउटरला तिथून उठावं लागतं. दोन्ही बँडना वेगवेगळी नावं दिली की कुठला बँड हरवलाय ते लगेच कळतं. नाव दिसतं पण जोडणी होत नाही, तर राउटरची सुरक्षा नुसत्या डब्ल्यूपीए३ (वायफायच्या पासवर्ड-सुरक्षेची नवी पद्धत) वर नाही ना, ते बघा. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र ठेवा.

निळ्या यूएसबी ३ पोर्टशेजारी बाहेरची हार्डडिस्क चालू असताना २.४ चं नेटवर्क यादीतून उडतं, कारण यूएसबी ३ च्या डेटाची गडबड नेमकी त्याच पट्ट्यात पसरते. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन अडॅप्टर टेबलाच्या कडेला, कॅबिनेटच्या पत्र्यापासून दूर चिकटवा. या खरेदीसोबत ती वायर घ्याच.

लिनक्सवाल्यांनी कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ किंवा त्यापुढचा आहे का पाहावं. या चिपचा ड्रायव्हर तेव्हापासून आतच येतो. सीडी अवस्थेतून बाहेर काढायचं काम यूएसबी-मोडस्विच हा छोटा प्रोग्राम करतो.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो सीडीच्या भानगडीबद्दल खोक्यात एक ओळही छापलेली नाही म्हणून.